इंदूआत्यांचा खालचा आकडा

आमच्या दुकानातून पेपर घेऊन घरी गेलात, चहाचा कप हातात धरून पहिलं पान उघडलंत आणि मथळ्याच्या शेजारी लाल शाईत ‘कितीतले?’ असं लिहिलेलं दिसलं, तर कृपा करून माझ्याशी भांडायला येऊ नका. ते मी लिहिलेलं नाही. माझं अक्षर एवढं चांगलं नाही आणि सकाळच्या घाईत मला तेवढी फुरसतही नसते. ते काम इंदूआत्यांचं.

रत्नागिरीत आमचं छोटं दुकान आहे. वह्या, पेनं, झेरॉक्स आणि बाहेरच्या फळीवर रोजचे पेपर. इंदूआत्या मागच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. गल्लीत सगळेच त्यांना आत्या म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले जोशीवकीलसुद्धा. सरकारच्या सांख्यिकी खात्यात त्यांनी उभा जन्म नोकरी केली. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं देवदेव करतात, नाहीतर मुलांकडे अमेरिकेला जातात. आत्यांनी लाल पेन घेतलं आणि आमच्या फळीवर हल्ला चढवला.

त्यांचं म्हणणं एवढंच असतं की बातमीला दोन आकडे लागतात. किती जणांचं झालं, हा वरचा. कितीतल्यांचं झालं, हा खालचा. पेपर उघडला की त्यांचा आवाज आलाच म्हणून समजा. “बघ मेल्यानं! वरचा आकडा दिलान आणि खालचा गिळलान!” मग त्या कानामागचं पेन काढतात आणि समासात ‘कितीतले?’ लिहितात. घाटात अपघात वाढले अशी बातमी असली तर ‘गाड्या किती वाढल्या?’ असं लिहितात. एखाद्या गोळीनं धोका दुप्पट होतो असं छापलं तर ‘कशाच्या दुप्पट? लाखात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच!’ असं लिहितात, आणि ते समासात मावत नाही म्हणून शेजारच्या सोनाराच्या जाहिरातीवर जातात.

सुरुवातीला मी जाम वैतागलो होतो. “आत्या, आधी विकत घ्या आणि मग काय ते लिहा,” असं एकदा तोंडावर म्हटलं. तर त्या शांतपणे म्हणाल्या, “विकत मी एकच घेईन रे, पण चूक सगळ्या प्रतींत आहे ना?” कपाळ माझं! बरं, गिऱ्हाईकं तक्रार करतील असं वाटलं होतं, तर लोक उलटे. आठवडाभरात माणसं येऊन विचारायला लागली, “लाल पेनवाला आहे काय रे, दिनू?” साधा पेपर दिला की तोंड वाकडं करायची. आता मी स्वतःच आत्यांसाठी लाल पेनं मागवतो आणि गठ्ठा सुटला की पहिला त्यांच्यापुढे ठेवतो.

फेब्रुवारी उजाडला की आमच्याकडे एक ठरलेली बातमी येते, ‘यंदा हापूस निम्म्यावर’. आत्या त्या बातमीची वाटच बघत असतात.

“कशाच्या निम्म्यावर रे?”

“गेल्या वर्षीच्या असेल.”

“आणि गेल्या वर्षी काय छापलंन होतं? निम्म्यावर. त्याच्या आदल्या वर्षी? निम्म्यावर! मी नोकरीला लागले तेव्हापासून हापूस निम्मा होतोय. हिशेबानं आता जिल्ह्यात एकच आंबा उरायला हवा, आणि तोही चिरलेला.”

मागे एक बागायतदार उभे होते. त्यांना ते लागलं. “आत्या, खरंच कमी आहे हो मोहोर,” असं ते काकुळतीला येऊन म्हणाले. “असेल ना! मी कुठं नाही म्हणत्ये? किती कमी ते मोजून सांगा, एवढंच म्हणत्ये. रडायचं तरी नीट मापानं रडा.” मग त्यांनी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन कलमं किती, गेल्या वर्षी पेट्या किती, औषधाच्या फवारण्या किती, असं अर्धा तास विचारलं. ते बिचारे आले होते मुलासाठी कंपासपेटी घ्यायला. ती विसरून गेले.

टीव्हीवरच्या ‘जनता काय म्हणते’ या प्रकाराचा तर त्यांना भयंकर राग. एका सकाळी त्या फळीपुढे उभं राहून येईल त्याला विचारायला लागल्या, “पेपर विकत घेता का?” जो तो म्हणे, “घेतो की.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “झालं! छाप, दिनू. रत्नागिरीत पेपर विकत न घेणारा माणूसच नाही!” कॉलेजातला एक मुलगा हसून म्हणाला, “आत्या, इथं पेपर घ्यायलाच आलेली माणसं आहेत.” आत्यांनी त्याची पाठ थोपटली. “शाबास. आता हेच त्या वाहिनीला फोन करून सांग, कारण तिथं कोणाला सुचलेलं नाही.”

आणि आलेखाचं तर विचारूच नका. एका पेपरात दोन खांब काढले होते. एक चिमुकला, एक आभाळाला टेकलेला. आत्यांनी कडेचे आकडे बघितले, ते शून्यापासून सुरूच होत नव्हते, आणि त्या लालबुंद झाल्या. जोशीवकील चांगले उंच आहेत आणि मी हा असा. आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं करून त्यांनी पेपर उलगडून आमच्यापुढे असा धरला की माझं नुसतं कपाळ आणि टक्कल वर दिसत होतं आणि वकिलांचा मानेपासून वरचा सगळा ऐवज. मग झेरॉक्सवरच्या सायलीला हाक मारली. “सांग गो, वकील दिनूच्या कितीपट?” ती पोर हसत हसत म्हणाली, “तिप्पट तरी!” “हं! असे फसवतात. मेल्यांनो, आलेख पायापासून काढायचा असतो, मानेपासून नाही!” वकील तेव्हापासून मला भेटले की वरून खाली बघतात, हा भाग वेगळा.

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, ते मला त्यांनीच एकदा सांगितलं. नोकरीत त्यांना पीक कापणीच्या प्रयोगाला गावोगाव जावं लागे. भात तयार झालं की सरकारी तक्त्यात जो आकडा येईल ते शेत निवडायचं, त्या शेतात आकडा सांगेल तितकी पावलं चालायचं आणि थांबलो तिथं खुंट मारून चौकोन आखायचा. तेवढंच भात कापायचं, झोडायचं, वजन करायचं. त्यावरून तालुक्याचं पीक ठरायचं. शेतकरी बिचारा गयावया करी. “बाय, हितं चिकल हाय, तकडं घ्या, तकडं भात बरा हाय.” कोणाला पीक जास्त दाखवायचं असे, कोणाला कमी. आत्या कोणाचं ऐकत नसत. एकदा आकडा नेमका दलदलीत आला. गुडघाभर चिखलात त्या उतरल्या, एक चप्पल तिथंच राहिली, पण चौकोन तिथंच आखला. “आपण जागा निवडायला लागलो ना दिनू, की भात मोजलं जात नाही. आपली आवड मोजली जाते.” मला हे फार आवडलं होतं. मी काही शिकलेला माणूस नव्हे, पण एवढ्या सरळ मनाचं माणूस मी आमच्या गावात दुसरं पाहिलेलं नाही, हे कोणालाही सांगेन.

आता सायलीचं सांगतो. आमच्या झेरॉक्स मशीनवर बसणारी ही मुलगी संगमेश्वरकडच्या एका लहानशा वाडीतली. इथं मावशीकडे राहते. वडील कॅन्सरनं गेले. गावी आई आणि थोडं भात. मुलगी कामसू आणि हसरी. पालीच्या निलेशशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, तारीख धरली होती. वडील कशानं गेले ते निलेशच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी ते काही मनावर घेतलं नव्हतं.

आणि एक दिवस पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, ‘कॅन्सरची वाडी!’ खाली वाडीचं नाव, हार घातलेले तीन फोटो, त्यातला एक सायलीच्या वडिलांचा. राज्याच्या मानानं इथं हा रोग कितीतरी पट, असं ठोकून दिलेलं. दुपारी एका वाहिनीचा माणूस वाडीतल्या विहिरीवर माइक घेऊन उभा राहिला आणि ‘या पाण्यात दडलंय तरी काय?’ असं ओरडायला लागला. संध्याकाळी पालीहून सायलीच्या आईला फोन आला, “सध्या जरा थांबू.”

दुसऱ्या दिवशी सायली मशीनवर बसली होती आणि एका माणसाच्या सातबाऱ्याऐवजी कोऱ्या कागदांच्या झेरॉक्स काढत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं. मी गिऱ्हाईकाला हात जोडले आणि मशीन बंद केलं.

आत्यांनी कालचा पेपर पुन्हा काढून ती बातमी वाचली. त्या दिवशी मात्र त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. सायलीशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि विचारत राहिल्या. कोण कोण गेलं? कशाकशाचा कॅन्सर? एकजण जन्मभर मुंबईत तंबाखू चघळत राहिलेला, शेवटचे महिने फक्त गावी आलेला. एक नव्वदीची म्हातारी. आणि सायलीचे वडील. तिघांचे तीन वेगळे रोग, आणि तेसुद्धा किती वर्षांत मिळून ते पेपरानं सांगितलेलंच नव्हतं. आत्यांनी तिथूनच पेपरच्या कचेरीत फोन लावला. तिकडचा गृहस्थ म्हणाला, “बाई, बातमी खोटी आहे का? तीन माणसं गेलीच ना?”

“आकडा खरा आहे हो,” आत्या म्हणाल्या, “गोष्ट खोटी आहे. पाणी तपासा की! तपासू नका असं कोण म्हणतंय? पण तपासायच्या आधी त्या वाडीचं नाव छापलंत, आता तिथल्या मुलींचं काय करायचं ते सांगा.”

त्यानं फोन ठेवला. आत्या स्टुलावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “दिनू, गाडी काढ. पालीला जायचंय.”

“आत्या, असं कोणाच्या घरी न बोलावता…”

“काढतोस का रिक्षा करू?”

काढली. जुनी व्हॅन आहे माझी.

निलेशच्या घरी माणसं चांगली. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. निलेश मान खाली घालून दारात उभा. त्याचे वडील खुर्चीत, आई आतल्या दाराशी. आत्यांनी इकडतिकडचं काही काढलंच नाही. त्या निलेशच्या आईला म्हणाल्या, “वहिनी, मूठभर तांदूळ द्याल का?” आईला वाटलं काही देवाधर्माचं असेल. तिनं वाटीत तांदूळ आणून दिले. आत्या उठल्या आणि त्यांनी ती मूठ सरळ वर उधळली.

घरात चौकोनी लाद्या होत्या. तांदूळ टपटप पडले. मला वाटलं, झालं, आता आम्हाला हाकलणार.

“बघा,” आत्या म्हणाल्या. “मी कुठं नेम धरला का? नाही ना? तरी या लादीवर बघा ढीगभर पडलेत, आणि ही शेजारची बघा, एक दाणा नाही. आता या लादीनं काय पाप केलंन? हिच्यात काय दडलंय? काही नाही. जिल्ह्यात वाड्या शेकड्यांनी आहेत, दुखणं असंच पडतं, कुठं दोन, कुठं एक, कुठं तीन. पेपरवाल्यानं दाणे पडल्यावर ही लादी शोधून काढलीन आणि हिचा फोटो छापलान. मोकळ्या लादीचा फोटो कोणी छापतं का?”

मी मनात म्हटलं, वा! आता बोला! पण निलेशचे वडील लाद्यांकडे नीट बघून म्हणाले, “तुमी सांगताव ते पटतंय, बाई. पण सून आमी ह्याच लादीवरची आणनार ना?”

आत्यांनी वाकून त्या लादीकडे पुन्हा बघितलं. तेवढ्यात वडिलांनी वर विचारलं, “काय व्हनार न्हाय, असं लिवून देताव?”

“नाही हो,” आत्या म्हणाल्या. “तसं तुमच्या निलेशचंसुद्धा नाही देता येणार.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघायच्या तयारीनं किल्ली चाचपली.

निलेशच्या आईचं मात्र या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. घरचे तांदूळ होते ते, स्वतः लावलेले, कापलेले, कांडून आणलेले, आणि जमिनीवर पायाखाली पडले होते. तिला ते बघवेना. ती खाली बसली आणि एकेक दाणा वेचायला लागली. ते पाहून आत्या चपापल्या. “अगो बाई, चुकलंच माझं,” म्हणाल्या आणि गुडघे दुखत असूनही त्याही खाली बसल्या. दोघी बायका लाद्यांवरचे तांदूळ वेचत होत्या आणि आम्ही पुरुष बघत होतो, मी आणि निलेशचे वडील खुर्चीत पाय वर घेऊन, निलेश दारातून.

वेचता वेचता आत्या हळू आवाजात बोलायला लागल्या. निलेशच्या आईशीच, आमच्याशी नाही.

“माझे दोन भाऊ एका पावसाळ्यात गेले, वहिनी. थोरला खाडीत बुडाला. धाकट्याला शेतात पान लागलं, साप चावला. खाडीचा आणि सापाचा काय संबंध? पण लोक म्हणाले, त्या घराला काहीतरी आहे. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. मुलगा चांगला होता. त्याची आई मला फार आवडायची, ती माझ्यासाठी कुळथाची पिठी करायची. त्यांचा निरोप आला, सध्या थांबू.”

निलेशच्या आईचा हात थांबला.

“मी पडवीत बसून वाट बघायची. वाटायचं, आमच्यातलं कोणीतरी त्यांच्याकडे जाईल, समजावून सांगेल. वडील म्हणाले, नशीब. काका म्हणाले, दुसरं बघू. कोणी गेलं नाही हो. कोणीच गेलं नाही. म्हणून आज मी आल्ये.”

निलेशच्या आईनं मुठीतले तांदूळ वाटीत टाकले, पदरानं डोळे टिपले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ओ, उठा. पोरीच्या आवशीला फोन लावा.”

“आन त्या पान्याचा रिपोट?”

“यील तवा यील. पोर आता हितलं पानी प्येनार हाय ना? का तितनं हंडे भरून आननार?”

निलेशच्या वडिलांनी फोन काढला. निलेश दारातनं जो पळाला, तो बहुतेक सायलीला फोन करायलाच.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. लग्न धरलेल्या तारखेलाच झालं. पाणी तपासलं, त्यात काही सापडलं नाही. ती बातमीही आली, नाही असं नाही, पण आतल्या पानावर, बैलगाडा शर्यतीच्या खाली, एका बोटाएवढी. सायली आता पालीहून रोज एसटीनं येते आणि पहिल्यासारखी हसते. पण मला सांगायचंय ते त्या दिवशी परत येतानाचं.

मी खुशीत होतो. “आत्या, जिंकलात की हो!” म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“कसली जिंकल्ये? तांदळानं काही झालं नाही. एका बाईची गोष्ट सांगून काम करून घेतलं मी. एका माणसाच्या गोष्टीनं काही सिद्ध होत नाही रे. पेपरवाले तरी दुसरं काय करतात?”

“पण तुमची गोष्ट खरी होती ना?”

“खरी होती,” त्या म्हणाल्या. “कोणाला सांगितली नव्हती कधी.”

हातखंब्याच्या जवळपास आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “दिनू, आज एकटीनं जेवायचं अगदी जिवावर आलंय बघ. तुझ्याकडे येऊ का जेवायला?”

आत्या गल्लीत कोणाकडे जेवायला कधी बसल्या नव्हत्या. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा त्या पुडीत बांधून घरी न्यायच्या. आम्ही सगळे समजायचो की त्यांना माणसांत बसायची आवड नाही. मला एकदम फार वाईट वाटलं. शेजारी राहून आम्ही त्यांना कधी नीट विचारलंसुद्धा नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली आणि बायकोला फोन लावला. ती म्हणाली, “अहो, आज नुसता आमटीभात आहे, आत्यांना कसा वाढू?”

“आत्या, आमटीभात चालेल का, विचारत्ये ती.”

त्यांनी मान डोलावली. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवून रडायला लागल्या. त्यांचं रडून होईपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.